दुभाष्या पाहिजे

मराठी घेऊन एम.ए. झालेल्या माणसाची नातेवाइकांना सहसा दोनच कामांसाठी आठवण होते. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायचा असला म्हणजे, आणि शोकसभेत चार बरे शब्द बोलायचे असले म्हणजे. गेली वीस वर्षे मी ही दोन्ही कामे निष्ठेने करीत आलो आहे. पण गेल्या वर्षी माझ्या वाट्याला एक तिसरेच काम आले. माझ्या धाकट्या मेहुण्याला कॅम सॉफ्टवेअर घ्यायचे होते, आणि ते निवडताना शेजारी बसायला त्याला मी हवा होतो!

"अरे, पण मला त्यातले काय कळते?" मी म्हणालो.

"दाजी, तुम्हाला बारीक अक्षरात लिहिलेलं वाचायची सवय आहे. विकायला येणारी माणसं फार गोड बोलतात. तुम्ही नुसतं ऐकत बसा."

ऐकत बसण्याचा अनुभव मला विद्यार्थ्यांनी फारसा दिलेला नाही. पण घरी भरपूर मिळाला आहे. शिवाय या कामात माझा एक छोटासा स्वार्थही होता. मेहुण्याची कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड आहे. शेड म्हणजे पत्र्याचे छप्पर, दोन जुने लेथ, एक ड्रिल मशीन, एक चहाची किटली, आणि कर्ज काढून घेतलेले एक व्हीएमसी. उभ्या स्पिंडलचे, संगणकाच्या हुकमाने चालणारे हे यंत्र शेडमध्ये आले तेव्हा त्याला हार घातला होता, नारळ फोडला होता, आणि त्याच्या कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून माझी सही घेतली होती. तेव्हापासून आमच्या घरात त्या मशीनच्या प्रकृतीची चौकशी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या प्रकृतीसारखी होते. मशीन दोन दिवस बंद आहे असे कळले, तर आमच्या सौभाग्यवतींना जेवण जात नाही. भावाची काळजी आणि नवऱ्याची सही, दोन्ही त्या एका यंत्रात अडकलेली!

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांना 'कॅम' म्हणजे काय हे ठाऊक नसेल. मलाही नव्हते. शेडमधले मेस्त्री तर म्हणाले, "कॅम? त्यो इंजिनात असतोय की!" उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना दुसरे काय आठवणार? पण हा कॅम निराळा. कॉम्प्युटर-एडेड मॅन्युफॅक्चरिंग या लांबलचक नावातली ही तीन आद्याक्षरे. संगणकावर काढलेले चित्र पाहून, ते धातूत कापायला हत्यार कुठून कुठे, किती वेगाने आणि किती खोल न्यायचे, याचा मार्ग हे सॉफ्टवेअर आखते आणि तो मशीनला समजेल अशा भाषेत लिहून देते.

मशीनला भाषा असते, हे ऐकून माझे कान टवकारले. भाषा म्हटली की माझ्या पोटापाण्याचा विषय! मेस्त्रींनी मला ती दाखवली. जी ०० म्हणजे झटकन जा. जी ०१ म्हणजे ठरलेल्या वेगाने सरळ कापत जा. जी ०२ म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळसा, जी ०३ म्हणजे उलटा वळसा. एम ०३ म्हटले की स्पिंडल फिरू लागतो, एम ०८ म्हटले की कूलंटची धार सुरू होते, एम ३० म्हटले की खेळ संपला. सारी भाषा आज्ञार्थी! विध्यर्थ नाही, संकेतार्थ नाही, 'कृपया' तर नाहीच नाही. इतके रोखठोक व्याकरण मी आमच्या प्राचार्यांच्या परिपत्रकांतसुद्धा पाहिलेले नाही.

या भाषेचा वंशही फार जुना नाही. १९५२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आकड्यांच्या हुकमावर चालणारे मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आले. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळण अचूक कसे साधावे, या जॉन पार्सन्स नावाच्या कारखानदाराच्या विवंचनेतून तो उद्योग सुरू झाला होता. पुढे आकडे हाताने लिहिण्याचा कंटाळा आला, तेव्हा तिथेच डग्लस रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एपीटी' नावाची संगणकी भाषा रचली. १९५९ साली ती पत्रकारांपुढे मांडली, तेव्हा पाहुण्यांना भेट म्हणून तिच्या साहाय्याने कापलेली ॲल्युमिनियमची रक्षापात्रे दिली होती म्हणे! एवढ्या मोठ्या विद्येचे पहिले फळ काय, तर सिगारेटची राख झटकण्याची वाटी.

आता प्रश्न असा की, मेहुण्याला हे प्रकरण हवेच कशाला? आजवर मेस्त्री मशीनच्या समोर उभे राहून स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम टिपत होते. पट्टीला चार भोके पाडायची, कडा मारायच्या, एक खाच काढायची, एवढ्याला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. पण कोल्हापूरचा मोठा धंदा ओतकामाचा. तिथे ओतकामासाठी ॲल्युमिनियमचे पॅटर्न लागतात, आणि पॅटर्न म्हणजे सगळी वळणे. एका गिऱ्हाइकाने पंपाच्या भागाचा एक पॅटर्न नमुन्यादाखल मागितला होता. पसंत पडला तर वर्षभर काम मिळेल, असा शब्द होता. मेस्त्रींनी मला हिशेब करून दाखवला. समजा पृष्ठभाग ३०० मिलिमीटर लांब आणि २०० रुंद. गोल टोकाचे कटर ०.२ मिलिमीटर अंतराने फिरवायचे, तर १,००० फेऱ्या झाल्या आणि ३०० मीटरची वाटचाल झाली. आणि त्या वाटेत सरळ असे काहीच नाही, क्षणोक्षणी चढउतार. हे हाताने लिहायला बसले तर मेस्त्रींची सेवानिवृत्ती आधी येईल आणि पॅटर्न मागून येईल.

म्हणून शोधाशोध सुरू झाली. मुलीला स्थळ पाहतात तसे आम्ही सॉफ्टवेअर पाहू लागलो.

पहिले स्थळ बडे होते. आलेला तरुण चुणचुणीत, बूट चकचकीत. त्याने लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर टर्बाइनचे पाते असे काही कापून दाखवले की जणू लोण्यातून सुरी फिरते आहे. पाचही अक्ष एकाच वेळी डोलत होते. मेहुण्याचे डोळे लकाकले. मेस्त्री मागे उभे होते. त्यांनी हळूच विचारले, "आपल्या मशीनला अक्ष किती वो मालक?"

"तीन."

"मग ह्ये पाच कुणासाठी?"

त्या तरुणाने जो आकडा सांगितला, तो ऐकून माझा चहा निवला. त्यात १८ टक्के जीएसटी वेगळा आणि दरवर्षी देखभालीची रक्कम वेगळी. अशा सॉफ्टवेअरची विक्री मजल्यामजल्याने होते, हे त्या दिवशी समजले. साध्या सपाट कामाचा तळमजला, तीन अक्षांचा पहिला मजला, मग चार, मग पाच. दाखवतात गच्चीवरून दिसणारा देखावा आणि आपल्याला राहायचे असते पहिल्या मजल्यावर.

दुसरा प्रकार वर्गणीचा. ऑटोडेस्क कंपनीचे फ्यूजन हे त्यातले बहुधा सर्वांत परिचित नाव. वर्षाची वर्गणी भरा आणि वापरा. सुरुवातीला खिशाला झेपते. पण वर्गणी थांबली की दुकान बंद. भाड्याचे घर आणि मालकीचे घर यांत जो फरक, तोच हा. त्याची वैयक्तिक वापराची एक विनामूल्य आवृत्ती आहे, हे मेहुण्याने कुठेतरी ऐकले होते. बारीक अक्षरे वाचण्याचे माझे कसब इथे उपयोगी पडले. ती आवृत्ती हौशी लोकांसाठी आहे, धंद्यासाठी नाही. शिवाय २०२० पासून तिच्यातून लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये 'झटकन जा' ही आज्ञाच येत नाही आणि हत्यार आपोआप बदलत नाही. म्हणजे चाल बैलगाडीची, आणि दर फाट्यावर गाडीवानाने उतरायचे!

तिसरा प्रकार खऱ्याखुऱ्या फुकटाचा. फ्रीकॅड नावाचे सॉफ्टवेअर २००२ पासून लोक मिळून वाढवीत आहेत, त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली. धंद्यासाठी वापरायलाही कुणाची ना नाही. आत कॅमचे दालन आहे. सपाट पट्ट्या, भोके, खाचा यांचे काम ते नेटके करते. पॅटर्नच्या वळणांवर मात्र मेहुण्याच्या मनासारखी सफाई त्याला जमेना. मेस्त्रींना ते आवडले. पण शिकवायला माणूस येत नाही, हे त्यांना खटकले.

आणि चौथा प्रकार. तो खिशातून आला. मेहुण्याच्या एका ओळखीच्या माणसाने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. लाखांचे सॉफ्टवेअर, कुलूप तोडलेले, किंमत एक कप चहा. "सगळे हेच वापरतात," असे सांगून तो गेला.

त्या संध्याकाळी शेडमध्ये कुणी फार बोलले नाही. पेनड्राइव्ह टेबलावर तसाच पडून होता. आता उपदेश करणे हा माझा व्यवसाय असला, तरी ज्याचा हप्ता सात तारखेला आहे त्याला पाच तारखेला नीती शिकवणे सोपे नसते. मी एवढेच सांगितले, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमात असे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला कमीत कमी ७ दिवस आणि जास्तीत जास्त ३ वर्षे कैद, तसेच ५० हजार ते २ लाख रुपये दंड लिहिलेला आहे. मेहुणा म्हणाला, "दाजी, पकडतंय कोण?" या प्रश्नाला उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते मेस्त्रींपाशी होते.

"मालक, पकडायचं ऱ्हाऊ द्या. रात्री अकराला जॉब अडला, तर इचारायचं कुणाला? चोरीच्या बैलाला डॉक्टर कोण बोलावतंय?"

पेनड्राइव्ह दुसऱ्या दिवशी परत गेला. कायदा जिथे चाचरला, तिथे बैल धावून आला.

आता उरलेल्यांतून निवड कशी करायची? मला एक युक्ती सुचली. ती आमच्या क्षेत्रातली होती. भाषांतरकाराची परीक्षा त्याच्या प्रमाणपत्रांवरून करीत नाहीत. त्याला एक उतारा देतात. तसा एकच उतारा सर्वांना द्यावा, असे मी सुचवले. मेहुण्याने एक लहानसा नमुना तयार केला. त्यात एक वळणदार खळगा होता, एक खाच होती आणि आटे पाडायचे एक भोक होते. अट एकच. लॅपटॉपवर कापून दाखवायचे नाही. आमच्या मशीनवर कापून दाखवायचे.

या अटीने अर्धी स्थळे आपोआप गळाली. जी आली, त्यांच्यामुळे मला या साऱ्या व्यवहारातली मख्खी कळली. चित्रावरून मार्ग आखणे हे कॅमचे अर्धेच काम. तो मार्ग प्रत्येक मशीनच्या बोलीत उतरवण्याचे काम 'पोस्ट-प्रोसेसर' नावाचा एक भाग करतो. जाहिरातीत त्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत असतो. आणि खरी भिस्त त्याच्यावरच असते. जी आणि एम यांची भाषा सगळीकडे एक, असे म्हणतात; पण कोल्हापूरची मराठी आणि पुण्याची मराठी एक आहे म्हणतात, तितपतच ते खरे. फॅनकच्या कंट्रोलची बोली निराळी, सीमेन्सची निराळी. हायडेनहाइनची तर लिहिण्याची रीतच स्वतंत्र. फॅनकमध्येसुद्धा मशीन बांधणाऱ्याने काही शब्द आपल्या पद्धतीने ठरवलेले असतात. आमच्या मशीनवर आटे पाडण्याच्या आज्ञेपूर्वी एम २९ असे म्हणावे लागते. ते न म्हणता आलेला एक प्रोग्रॅम मशीनने तिथल्या तिथे नाकारला. लाल दिवा लावून उभे राहिले. मानपान राहिला की रुसणारे विहीणबाईच ते!

पण दुसऱ्या एका प्रोग्रॅमने घाम फोडला. सुदैवाने मेस्त्रींची एक शिस्त आहे. नवा प्रोग्रॅम ते आधी हवेत चालवतात. जॉबचा शून्यबिंदू हातभर वर धरतात, वेग कमी करतात, एक हात थांबवायच्या बटणावर ठेवतात आणि बघत राहतात. हत्याराने पहिली खाच हवेत मारली. आता ते ५० मिलिमीटर वर उठून दुसरीकडे जायला हवे होते. मेस्त्री एकदम ओरडले, "उठंना! उठंना त्ये!" आणि बटण दाबले.

हत्यार उठले होते; पण केसभर. पडद्यावर पाहिले तर झेडच्या पुढे ५० लिहिले होते. सगळे बुचकळ्यात. मग मेस्त्रींनी बोट ठेवले. ५० च्या पुढे टिंब नव्हते! आमच्या मशीनचा कंट्रोल असा लावलेला आहे की '५०.' असे दशांशचिन्हासह लिहिले तर तो ५० मिलिमीटर समजतो. टिंबाशिवाय नुसते '५०' लिहिले तर ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. हजार पटींचा फरक! खाली खरा जॉब असता, तर ते हत्यार त्यातच रुतलेले असताना 'झटकन जा' हा हुकूम पाळायला निघाले असते. हत्यार गेले असते, जॉब गेला असता, आणि स्पिंडलला धक्का बसला असता तर माझ्या सहीला जाग आली असती.

मी टिंबांच्या राज्यात वाढलेला माणूस. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, त्यावर केवढी वादळे झाली, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. 'नांव'वरचे टिंब गेले, तरी नाव काही बुडाली नाही. पण इथे एका टिंबावर मेहुण्याची नाव तरंगत होती.

खरी निवड झाली ती यानंतर. ज्यांचा तो प्रोग्रॅम होता ते म्हणाले, "आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडे चालतो. तुमच्यासाठी पोस्ट वेगळा करावा लागेल; त्याचे पैसे वेगळे, पंधरा दिवस लागतील." पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका मध्यम किमतीच्या सॉफ्टवेअरचा माणूस आला. त्याच्याही प्रोग्रॅममध्ये एम २९ नव्हता. पण तो चटईवर बसल्यासारखा मशीनपाशी स्टूल घेऊन बसला. मेस्त्रींना म्हणाला, "मामा, तुम्ही हाताने लिहिलेला एखादा चांगला चाललेला प्रोग्रॅम दाखवा." तो त्याने ओळीओळीने वाचला. मग पोस्टची फाइल उघडून तसे शब्द बसवले आणि कोणती ओळ कशासाठी आहे हे मेस्त्रींना समजावून दिले. चहा दोनदा झाला तेवढ्यात नमुना कापून झाला. आटे बोल्टला गोडीने बसले.

ते सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले. नाव मुद्दामच सांगत नाही. दिवाळी अंकात जाहिरातींना निराळी पाने असतात. तीन अक्षांपुरतेच घेतले, एकरकमी आणि कायमचे. पोस्ट दुरुस्त करून देणे आणि मेस्त्रींना तीन दिवस शिकवणे, हे दोन्ही बिलावर लिहून घेतले. तेवढे वाक्य माझ्या हातचे आहे. पैसे मेहुण्याच्या बायकोच्या भिशीतून आले. तिने ते देताना "ह्याचं व्याज नको, पण हिशेब पाहिजे," असे बजावले. साध्या पट्ट्यांच्या कामाला फ्रीकॅड ठेवले आहे, म्हणजे दोन संगणकांवर दोन माणसे बसू शकतात.

तुमच्या घरात, शेजारात एखादा मुलगा असा धंदा काढीत असेल, म्हणून सांगतो. स्वस्त काय, हे किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. आपल्या मशीनची बोली त्याला येते का. ती चुकली तर दुरुस्त कोण करणार आणि किती दिवसांत. वर्गणी थांबली तर हातात काय उरणार. आणि मशीनपाशी उभा राहणारा माणूस ते शिकू शकेल का, एवढे चार प्रश्न विचारावेत. ज्याचे उत्तर लॅपटॉपवर मिळते त्यावर फार विसंबू नये. ज्याचे उत्तर मशीनवर मिळते ते खरे.

पंपाचा पॅटर्न गिऱ्हाइकाने घेतला. एक कोपरा हाताने घासावा लागला, तरी घेतला. आणि पुढचे दोन पॅटर्न सांगितले. वर्षभराचे काम म्हणतात ते अजून पुरते आलेले नाही, हप्ता मात्र नियमाने येतो आहे आणि नियमाने जातोही आहे. आमच्या सौभाग्यवतींना सात तारखेला आता जेवण जाते.

मेस्त्री मात्र बदललेले नाहीत. सॉफ्टवेअर हजारो ओळी लिहून देते, तरी नव्या प्रोग्रॅमचे पहिले पान आणि शेवटचे पान ते छापून घेतात, चष्मा कपाळावरून खाली ओढतात आणि लाल पेन्सिलने एकेक टिंब तपासतात. मागच्या महिन्यात मी शेजारी बसून पाहत होतो. एक पान संपवून त्यांनी मला विचारले, "पावणं, तुमी पोरांचं पेपर असंच तपासता व्हय?"

मी म्हणालो, "मेस्त्री, आमच्याकडे टिंब चुकले तर अर्धा गुण जातो."

"आनि काय मोडत न्हाई?"

"नाही."

"बरं हाय मग," असे म्हणून ते पुढच्या पानाकडे वळले.